माणदेशची घोंगडी

भारतात अशी अनेक गावे आहेत की, त्यांचे नाव घेताच एक देऊळ आणि एक वस्त्र अशा दोन गोष्टी एकदमच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तमिळनाडूतील कांचीपुरम ही एके काळी पल्लव राजांची राजधानी होती. तेथील कैलासनाथाचे मंदिर बाराशे वर्षांहून अधिक जुने आहे आणि तेथील रेशमी साड्यांची कीर्ती देशभर पसरली आहे. गोदावरीच्या काठचे पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. तेथे संत एकनाथांची समाधी आहे आणि पैठणी या भरजरी वस्त्राचे माहेरघरही तेच होय. देऊळ आणि माग यांची ही जोडी काही योगायोगाने जमलेली नाही. जेथे देव, तेथे यात्रा भरते. जेथे यात्रा, तेथे बाजार बसतो. तेथील विणकराला गिऱ्हाईक शोधीत गावोगाव हिंडावे लागत नाही. देवदर्शनाच्या निमित्ताने गिऱ्हाईकच त्याच्या दारी येते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पूर्व भागातही देवस्थान आणि माग यांची अशीच एक जुनी जोडी आहे. मात्र येथील मागावर रेशीम चढत नाही आणि जरही चढत नाही. येथे विणली जाते ती मेंढीच्या लोकरीची जाडीभरडी घोंगडी. रेशमी वस्त्र राजवाड्यात मिरवले. घोंगडी माळावर, पावसात आणि थंडीवाऱ्यात वावरली. रेशमाने देहाची शोभा वाढवली. घोंगडीने देहाचे रक्षण केले. म्हणून तिची कथा रेशमाच्या कथेहून कमी मोलाची नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर हे सातारा जिल्ह्यातच आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात, माण तालुका आहे. तेथे मात्र वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि काही वर्षी तेवढाही पडत नाही. समुद्रावरून येणारे मेघ सह्याद्रीच्या रांगांवर आपले बहुतेक पाणी सांडून टाकतात आणि पुढे पूर्वेला जाताना ते जवळजवळ रिकामेच होतात. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश असे म्हणतात. या कोरड्या मुलखातून माणगंगा नदी वाहते आणि पुढे भीमेला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरील प्रदेशाला माणदेश हे नाव पडले. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला हे तालुके या माणदेशात येतात. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी पूर्वी ते एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव देण्यात आले. माणदेशची माणसे, त्यांचे देव आणि त्यांचे व्यवसाय मात्र या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच राहिले.

माणगंगेच्या काठी म्हसवड हे गाव वसले आहे. सातारा–पंढरपूर हा रस्ता या गावावरून जातो. येथे सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचे मंदिर आहे. दिवाळीत येथे देवाच्या विवाहाचा सोहळा सुरू होतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथोत्सवाने त्याची सांगता होते. त्या दिवशी गुलाल आणि खोबरे यांची उधळण होते आणि देवाचा रथ ओढण्यासाठी दूरदूरचे भाविक दोराला हात लावतात. सिद्धनाथाचे दुसरे प्रसिद्ध स्थान म्हणजे आटपाडी तालुक्यातील खरसुंडी. तेथील यात्रेत खिलार बैलांचा मोठा बाजार भरतो. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडी येथे धनगरांचे आराध्यदैवत बिरोबा आहे. माण तालुक्याच्या उत्तरेस, डोंगरमाथ्यावर, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव आहे. भोसले घराण्याचे ते कुलदैवत. या साऱ्या यात्रांतून मीठमिरची, भांडीकुंडी आणि जनावरे यांच्याबरोबर घोंगड्याही विकल्या जात. पंढरपूरचा बाजार तर याहून मोठा. आषाढी वारी भर पावसाळ्यात येते. वारकऱ्याला अंथरूण, पांघरूण आणि पावसापासून निवारा अशा तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत हव्या असत, आणि ती वस्तू म्हणजे घोंगडी होती.

परंतु घोंगडीचा जन्म बाजारात होत नाही, तो माळावर होतो. ज्या जमिनीत पिकाचा भरवसा नाही, तेथे कुसळी गवत आणि झुडपे यांवर जगणारे जनावर माणसाला आधार देते. दख्खनी मेंढी हे असेच काटक जनावर आहे. ती थोड्या चाऱ्यावर राहते, मैलोगणती चालते आणि कडक ऊन सोसते. माणदेशातील पुष्कळ धनगर कुटुंबे पावसाळा संपला की आपली मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. कोणी कृष्णाकाठच्या बागायती मुलखात उतरते, तर कोणी घाट ओलांडून कोकणात जाते. घोड्याच्या पाठीवर संसार, कडेवर मूल, मागे राखणीचे कुत्रे आणि पुढे मेंढरांचा कळप, असा हा प्रवास चालतो. रात्री एखाद्या शेतात वाघूर लावतात. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती उभे करण्याचे जाळे. मेंढरांच्या लेंड्यांचे उत्तम खत शेताला मिळते, म्हणून शेतकरी होऊन आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि त्याबद्दल धनगराला धान्य वा पैसे देतो. पावसाळा तोंडावर आला की हे कळप पुन्हा माणदेशाच्या वाटेला लागतात. कारण कोकणातील मुसळधार पाऊस आणि चिखल मेंढीला मानवत नाही.

मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. त्यापूर्वी मेंढरांना नदीच्या किंवा ओढ्याच्या डोहात घालून स्वच्छ धुतात. मेंढी आडवी पाडून, तिचे पाय धरून, कातरीने अंगालगत लोकर काढणे हे कसबाचे काम आहे. हात जरा चुकला तर जनावराला जखम होते. दख्खनी मेंढीपासून वर्षभरात साधारणपणे अर्धा किलो लोकर मिळते. एका चांगल्या घोंगडीला अडीच-तीन किलो लोकर लागते. म्हणजेच एका माणसाच्या पांघरुणासाठी पाच-सहा मेंढ्यांना वर्षभर माळावर चरावे लागते! कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर सर्वांत मऊ असते. तिला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला सर्वांत अधिक किंमत येते.

कातरलेली लोकर रंगांप्रमाणे निवडून वेगळी करतात. काळी, पांढरी, करडी आणि तपकिरी हे रंग निसर्गानेच दिलेले असतात. त्यामुळे घोंगडीला सहसा रंग द्यावा लागत नाही, आणि ती कितीही धुतली तरी तिचा रंग सुटत नाही. निवडलेली लोकर पिंजून मोकळी करतात. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून स्त्रिया चरख्यावर सूत काततात. घोंगडी विणण्यापेक्षा तिचे सूत कातण्यासच कितीतरी अधिक वेळ लागतो. ही गोष्ट विसरली जाते, कारण मागावर बसलेला विणकर सर्वांना दिसतो. स्वयंपाकपाणी आटोपून चरख्यापाशी बसलेली त्याची आई किंवा पत्नी मात्र बाजारात कोणालाच दिसत नाही.

विणकामाचे कसब प्रामुख्याने सणगर आणि खुटेकर धनगर या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. प्रथम उभे धागे, म्हणजे ताणा, मोकळ्या जागेत लांबच लांब पसरतात. मग त्यावर चिंचोक्याची खळ चढवतात. चिंचोके दळून, त्यांचे पीठ पाण्यात शिजवले की चिकट खळ तयार होते. ती मोठ्या कुंच्याने सुतावर सारखी फिरवतात. खळ वाळली म्हणजे मऊ सुताला ताठपणा येतो आणि विणताना ते तुटत नाही. माणदेशात पीक बुडाले तरी चिंचेचे झाड सहसा वठत नाही. मेंढी आणि चिंच, दोन्ही दुष्काळाला तोंड देणारी. त्या दोघींनी मिळून हे वस्त्र उभे केले आहे.

ताणा तयार झाला की तो मागावर चढतो. हा माग जमिनीतील खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसतो. पायांनी पावड्या दाबल्या की उभ्या धाग्यांपैकी अर्धे वर जातात आणि अर्धे खाली राहतात. त्यांमधून तो धोटा या हातातून त्या हातात फेकतो. धोट्याबरोबर आडवा धागा, म्हणजे बाणा, पलीकडे जातो. मग फणीने तो धागा घट्ट ठोकून बसवायचा, पावडी बदलायची आणि धोटा परत फेकायचा. असे हजारो वेळा करावे तेव्हा एक घोंगडी पुरी होते. काठाला पांढऱ्या किंवा तपकिरी सुताचे चार पट्टे घातले की झाला तिचा शृंगार! विणून झालेली घोंगडी पाण्यात भिजवून पायांनी तुडवतात. त्यामुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि वीण आणखी दाट होते.

रेशीम आणि लोकर या दोन्ही वस्तू प्राण्यांपासूनच मिळतात, आणि दोन्ही प्रथिनांच्याच बनलेल्या आहेत. तथापि त्यांच्या स्वभावात मोठा भेद आहे. रेशमाच्या एका कोशातून जवळजवळ हजार मीटर लांबीचा अखंड धागा निघू शकतो. तो गुळगुळीत असल्यामुळे त्यावरून प्रकाश चमकतो. लोकरीचा तंतू मात्र काही सेंटिमीटरच लांब असतो, म्हणून त्याला पीळ देऊन सूत काढावे लागते. तो सरळ नसून नागमोडी असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात. नागमोडी तंतू एकमेकांवर दाबून बसत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी जाऊ देत नाही. म्हणूनच घोंगडी अंगात ऊब निर्माण करीत नाही, तर अंगाचीच ऊब अंगाशी राखून ठेवते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा शोषून घेते, तरीही ती हाताला ओली लागत नाही. शिवाय मेंढीच्या अंगचा नैसर्गिक स्निग्धांश तिच्यात काही प्रमाणात उरलेला असतो. त्यामुळे पावसाचे थेंब काही काळ तिच्यावरून ओघळून जातात. लोकर चटकन पेट घेत नाही. शेकोटीपाशी झोपलेल्या मेंढपाळाच्या अंगावर ठिणगी उडाली, तरी तिथल्या तिथे करपून ती विझते. शास्त्रज्ञांनी ही कारणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितली. धनगराने मात्र ती शेकडो वर्षांपूर्वीच अनुभवाने ओळखली होती.

घोंगडीचे उपयोग तरी किती! पाऊस आला की तिचे एक टोक दुमडून तिची खोळ करायची आणि ती डोक्यावरून घ्यायची. पाठ, मान आणि मस्तक तिन्ही झाकली जातात. रात्री तीच अंथरायची आणि तीच पांघरायची. थंडीवाऱ्यात नुकतेच जन्मलेले कोकरू तिच्यातच गुंडाळून उचलायचे. पाहुणा आला तर त्याच्यासाठी तीच पसरायची. देवाच्या ओव्या म्हणायला मंडळी जमली की बैठकही तिचीच. बिरोबाच्या यात्रेत ढोल आणि झांजा यांच्या तालावर धनगर गजीनृत्य करतात, तेव्हा कित्येकांच्या खांद्यावर घोंगडीची घडी दिसते. गाई राखणारा कृष्ण मराठी संतांनी आपल्या मनश्चक्षूंनी पाहिला, तोही खांद्यावर घोंगडी घेतलेला गोपाळच होता. धनगरांच्या या ओव्यांनी आणि देवकथांनी गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) या जर्मन विद्वानालाही असे ओढून घेतले की, अनेक वर्षे वाड्यावस्त्यांवर हिंडून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांचा अभ्यास केला. माणदेशचे सुपुत्र व्यंकटेश माडगूळकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत येथील मेंढपाळांचे जीवन चित्रित केले. त्या कादंबरीतील वाडी दुष्काळाने उठून जाते, आणि माणदेशच्या वाचकाला ती गोष्ट कल्पित वाटत नाही.

मराठी भाषेनेही घोंगडीला आपल्यात सामावून घेतले आहे. एखादे काम पुष्कळ दिवस लांबणीवर पडले, म्हणजे ‘त्या कामाचे घोंगडे भिजत पडले आहे’ असे म्हणतात. पूर्ण भिजलेले घोंगडे फार जड होते. ते उचलवत नाही, पिळवत नाही आणि लवकर वाळतही नाही. ज्याने प्रत्यक्ष घोंगडे धुतले असेल, त्यालाच हा वाक्प्रचार सुचला असला पाहिजे.

आज खुद्द घोंगडीचाच प्रश्न असा भिजत पडला आहे. यंत्रावर तयार झालेली मऊ आणि रंगीबेरंगी ब्लँकेटे स्वस्तात मिळू लागली. हरियाणातील पानिपत येथे तर जगभरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात. अंगाला टोचणारी आणि हाताने विणलेली घोंगडी त्यांच्यापुढे महाग ठरली. पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि रेनकोट आले. लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा तिचा भावही उतरला. पुष्कळ ठिकाणी लोकर विकून जे मिळते, त्यापेक्षा ती कातरण्याची मजुरीच अधिक होते. मेंढीला उकाड्याचा त्रास होऊ नये म्हणून लोकर कातरावी तर लागतेच. पण कातरलेली लोकर कित्येकदा रानातच टाकून दिली जाते. जिच्यासाठी एके काळी विणकर धनगराच्या वाड्यावर जाऊन आगाऊ सौदा करी, ती लोकर आज वाऱ्यावर उडते.

दुसरे एक कारण जत तालुक्यातून आले. तेथील माडग्याळ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, बाकदार नाकाची आणि लवकर वाढणारी असते. मांसासाठी तिला मोठी किंमत येते. लोकरीच्या दृष्टीने मात्र तिचा उपयोग थोडाच. पोटाची चिंता असणाऱ्या मेंढपाळाने तिला पसंती द्यावी, यात त्याचा दोष नाही. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी भागात पोहोचू लागले. आटपाडीच्या माळांवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु जेथे बाग झाली, तेथे चराऊ रान उरले नाही. आटपाडी-खानापूरकडील कित्येक तरुण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगले. मागाचा खड्डा एकदा बुजला की तो सहसा पुन्हा उकरला जात नाही.

तरीही सर्वच माग थांबलेले नाहीत. काही विणकर घोंगडीबरोबरच आसने, पिशव्या आणि गालिचे विणू लागले आहेत. काही तरुणांनी इंटरनेटच्या साहाय्याने शहरातील ग्राहकाशी थेट संबंध जोडला आहे. राज्य शासनाच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची केंद्रे माण तालुक्यातील दहिवडी आणि सांगली जिल्ह्यातील रांजणी येथे आहेत. प्लॅस्टिकपासून केलेले कृत्रिम धाग्यांचे कपडे वर्षानुवर्षे कुजत नाहीत, त्यांचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळतात, हे आता जगाला कळून चुकले आहे. लोकर मात्र मातीत गेली की कुजून मातीच होते आणि तिला खत देते. त्यामुळे ज्या गुणांकडे काल दुर्लक्ष झाले, त्यांना उद्या पुन्हा मोल येणे अशक्य नाही.

मात्र केवळ गौरवाच्या शब्दांनी कोणतीही कला जगत नसते. कांचीपुरमचा विणकर असो की पैठणचा, त्याच्या कष्टाला योग्य दाम मिळाला, तरच त्याचा मुलगा मागावर बसतो. घोंगडीचेही तसेच आहे. चरख्यावर बसलेल्या स्त्रीला तिच्या दिवसभराच्या श्रमाचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि मेंढपाळाला लोकर फेकून न देता विकता आली पाहिजे. म्हसवडच्या रथाचा दोर हजारो हात ओढतात, म्हणून तो रथ हलतो. एकट्याच्या बळाने तो जागचा ढळत नाही. माणदेशचा माग चालू राहायचा असेल, तर मेंढपाळ, कातणारी, विणकर आणि घेणारा या सर्वांचे हात तसेच एका दोराला लागले पाहिजेत.

अभ्यास

१. देवस्थान आणि विणकाम यांची जोडी का जमते, ते पाठाच्या आधारे सांगा.
२. लोकर कातरण्यापासून घोंगडी तयार होईपर्यंतच्या क्रिया क्रमाने लिहा.
३. रेशमाचा धागा आणि लोकरीचा तंतू यांतील भेद स्पष्ट करा.
४. ‘घोंगडे भिजत पडणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून त्याचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या हस्तव्यवसायाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.